शिशीवरचा दुसरा कागद

वकिलांस वाचनाचा नाद असतो असा एक समज लोकांत रूढ आहे. खरे पाहता आम्हां वकील मंडळींस मोठे ग्रंथ वाचण्यापेक्षा बारीक टाईप वाचण्याची खोड अधिक. विम्याच्या कागदाची पाठ, धुलाईच्या पावतीवरील अटी, भाडेपत्राच्या अखेरचे कलम, असे जे जे कोणी वाचू नये अशाच बेताने छापलेले असते, तेथे आमची दृष्टी प्रथम जाते. या खोडीपायीच औषधांच्या जुन्या शिशा पाहावयाच्या आणि त्यांवरील कागद वाचावयाचे, असा एक निरुपद्रवी छंद आम्हांस जडला आहे. घरातील मंडळी त्यास काचसामानाचा धंदा म्हणतात. म्हणोत बापडी.

या छंदाचे मूळ धारवाडच्या मालमड्डीतील आमच्या वडिलोपार्जित घरात आहे. घर विकावयाचे ठरले, तेव्हा भावंडांनी तांब्यापितळेची भांडी, झोपाळ्याच्या कड्या आणि देवघर वाटून घेतले. कोणीच न मागितलेली एक पत्र्याची पेटी आमच्या वाट्यास आली. तिला घरात ‘वखदांची पेटी’ म्हणत. आमचे आजोळ कारवारचे. मातुःश्रींबरोबर तो कोंकणी शब्द घरात आला आणि ‘औषध’ हा संस्कृत शब्द मागे पडला. जुन्या मराठीतही ‘वोखद’ होतेच. मराठीने जे माळ्यावर टाकले ते कोंकणीने रोजच्या वापरात ठेवले, याचे हे एक उदाहरण. असो.

पेटीत एका बाजूस आजीचा बटवा होता: वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, जायफळ, काकडशिंगी, सुंठ, काळाबोळ, आणि गुटी उगाळून उगाळून मध्ये खोलगट झालेली सहाण. दुसऱ्या बाजूस शिशा आणि डबे: ग्राइप वॉटर, कॉडलिव्हर तेल, इनोचे फ्रूट सॉल्ट, अमृतांजनाच्या बाटल्या, टिंक्चर आयोडिनची काळसर कुपी, पोटॅशियम परमँगनेटची वाळून खडा झालेली पुडी. बहुतेक रिकाम्या, काहींच्या तळाशी डाग. नवल याचे वाटले की प्रत्येक शिशीवर छापील कागदाखाली खळीने चिकटवलेला दुसरा एक कागद होता आणि त्यावर आमच्या आजोबांच्या वळणदार हस्ताक्षरात मराठीत काही लिहिलेले होते. त्या दुसऱ्या कागदाची हकीकत पुढे येईलच; आधी पहिल्याविषयी.

ग्राइप वॉटरच्या शिशीवर एक गुटगुटीत बालक आहे. त्याने दोन मुठींत दोन सर्प आवळून धरले आहेत. हे मूल म्हणजे ग्रीक पुराणातील हर्क्युलिस होय. पाळण्यात असतानाच त्याने आपल्यावर सोडलेले साप मारले अशी कथा आहे, आणि तिच्यावरून सर जोशुआ रेनल्ड्स या आंग्ल चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेल्या चित्राचाच हा नमुना. परंतु धारवाडात ग्रीक पुराण कोणास ठाऊक असणार? आमच्या आजीच्या मते तो बाळकृष्ण होता आणि प्रसंग कालियामर्दनाचा. आजोबांनी तिला सांगून पाहिले, की कालिया एक आणि येथे सर्प दोन. त्यावर दुसरी कालियाची बायको असली पाहिजे, असा तिने निकाल दिला. त्या निकालावर अपील चालले नाही. मुलाच्या पोटात दुखू लागले की शिशी आधी डोळ्यांस लावावयाची आणि मग बूच काढावयाचे, अशी तिची रीत आम्ही स्वतः पाहिली आहे.

हे औषध इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्याने 1851 साली सिद्ध केले. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या मुलुखात मुलांस हिवताप होई, त्यावरील उपचार पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. आत काय होते? साखर, खाण्याचा सोडा, पाणी, शेकडा साडेतीनच्या आसपास मद्यार्क, आणि ‘डिल’ नावाच्या बियांचे तेल. डिल म्हणजे आपला शेपू. ज्या बिया आमच्या आजीच्या बटव्यात बाळंतशेपा या नावाने सनातन काळापासून बसलेल्या होत्या, त्याच सातासमुद्रांपलीकडे जाऊन, साखर आणि सुरा यांच्या संगतीला लागून, हर्क्युलिसचे चित्र मिरवीत घरी परत आल्या. आजीने पहिल्याच दिवशी बूच काढून हुंगले आणि ‘अगं बाई, हा तर शेपा!’ असे उद्गार काढले, असे मातुःश्री सांगतात. तिच्या नाकाने जे ओळखले ते इंग्रजी वाचणाऱ्यांना ओळखता आले नव्हते. मद्यार्क मात्र तिच्याही नाकाने ओळखला नाही, कारण तो तिच्या ओळखीचा नव्हता. ब्रिटनमध्ये तो 1990 नंतरच्या काळात या औषधातून काढून टाकण्यात आला. त्यापूर्वी चार पिढ्यांची बाळे रडता रडता शांत झोपी गेली, ती शेप्याच्या गुणाने की दुसऱ्या कशाच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अशा परत आलेल्या पाहुण्यांची उदाहरणे आणखीही आहेत. बीचमच्या गोळ्या एके काळी साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात प्रसिद्ध होत्या. डबीची किंमत शिलिंगभर, आणि जाहिरात अशी की तिचे मोल एक गिनी आहे. 1909 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने गुप्त औषधांविषयी एक पुस्तक काढले आणि त्यात या गोळ्यांचे पृथक्करण छापले. निघाले काय, तर काळाबोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांतील मालाची किंमत अर्ध्या फार्दिंगच्या घरात. पैकी काळाबोळ आणि सुंठ आजीच्या बटव्यात होतीच. साबण तेवढा तिला सुचला नव्हता. ओव्याचीही तीच कथा. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ एका शिशीत घालून हलवले की थोड्याच वेळात त्यांचे पाणी होते. लहानपणी हा चमत्कार आम्ही अनेकदा करून पाहिला आहे. याच पाण्याने पुढे ‘अमृतधारा’ आणि तिच्या अनेक भगिनी जन्मास घातल्या. त्यांच्यापैकी दोघींचे भांडण दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्याकडे वळूच.

हा माल आमच्या मुलुखात कसा आला? धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडास आणि तिचा कारखाना हुबळीस, त्यामुळे गोरे अंमलदार, त्यांच्या मडमा आणि त्यांची दुखणी या तिन्ही गोष्टी येथे होत्या. आधी मुंबईच्या केम्प कंपनीसारख्या दुकानांतून माल येई. त्या दुकानावरून मुंबईतील ‘केम्प्स कॉर्नर’ हे नाव पडले. दुकान गेले तरी नाव तेथेच आहे. पुढे व्ही. पी. ने पार्सल मागवण्याची सोय झाली आणि ‘केसरी’च्या मागच्या पानांनी विलायती मालाशेजारीच देशी मालाचाही बाजार उघडला. डोंगरे यांचे बालामृत, वरळीच्या बाटलीवाला यांचे हिवतापावरील मिक्श्चर (औषधाच्या धंद्याला इतके शोभणारे आडनाव दुसरे नसेल), पनवेलच्या कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 मध्ये काढलेल्या धूतपापेश्वर कारखान्याची औषधे, आणि आंध्रातून मुंबईस आलेल्या काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी 1893 मध्ये सुरू केलेले अमृतांजन. मस्तकशूळावर मिळवलेल्या पैशावर या गृहस्थाने पुढे ‘आंध्र पत्रिका’ चालवली. वर्तमानपत्र काढून लोकांचे डोके दुखविणारे पुष्कळ झाले. आधी मलम काढून मग वर्तमानपत्र काढणारा हा एकच असावा.

केमिस्टचे दुकान हे स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ होते. हुबळीच्या स्टेशनकडील अशा एका दुकानाचे वर्णन आमचे तीर्थरूप करीत. दर्शनी खिडकीत तांबड्या आणि हिरव्या पाण्याने भरलेले काचेचे मोठे कुंभ, मागे दिवा. आत शिसवी फळ्यांवर लॅटिन नावांच्या बरण्या, आणि पडद्याआड कंपाउंडर. शिशी आपली आपण न्यावयाची. कंपाउंडर तीत मिक्श्चर भरी, बूच मारी, आणि कातरीने दोन्ही अंगांनी खाचा पाडलेली कागदाची पट्टी शिशीच्या अंगावर उभी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. निरक्षर माणसालाही ती पट्टी वाचता येई. औषधांच्या साऱ्या इतिहासात इतके प्रामाणिक लेबल दुसरे झाले नाही असे आमचे मत आहे. कारण त्यावर एकही अक्षर नव्हते आणि जे सांगावयाचे ते सारे होते.

तयार औषधांच्या शिशीवर मात्र अक्षरांचा सुकाळ. कोणाकोणास बरे वाटले त्यांची पत्रे, मिळालेली पदके, कारखानदाराची सही, आणि ‘नकली मालापासून सावध राहा’ हा इशारा. आत काय आहे, एवढे मात्र त्यात नसे. ही औषधे ‘पेटंट’ म्हणवीत; परंतु आम्हां कायदा शिकलेल्यांस त्याचे हसू येते. पेटंट घ्यावयाचे तर कृती सरकारात उघड करावी लागते, आणि कृती उघड करणे हे तर या मंडळींस मरणाहून कठीण. तेव्हा पेटंट औषध म्हणजे ज्याचे पेटंट कधीच घेतलेले नाही ते औषध, अशी व्याख्या करावी हे उत्तम.

कायद्याच्या विद्यार्थ्यास करार शिकवतात तोही अशाच एका औषधाच्या आधारे. 1891 च्या हिवाळ्यात लंडनच्या एका कंपनीने ‘कार्बॉलिक स्मोक बॉल’ नावाची वस्तू दहा शिलिंगांस विकावयास काढली. रबराचा चेंडू, आत कार्बॉलिकची पूड, आणि नाकात घालावयाची नळी. ही वस्तू सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे, दिवसातून तीनदा वापरूनही ज्यास इन्फ्लुएन्झा होईल त्यास शंभर पौंड देऊ, आणि आमचा सच्चेपणा दाखवण्यासाठी बँकेत हजार पौंड ठेवले आहेत, अशी जाहिरात. लुइझा कार्लिल या बाईने चेंडू विकत घेतला, 20 नोव्हेंबरपासून इमानाने नाकाला लावला, आणि 17 जानेवारी 1892 रोजी अंथरूण धरले. कंपनी म्हणाली, जाहिरातीतील बोलणे कोणी मनावर घ्यावयाचे नसते. अपील न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात सांगितले की बँकेत पैसे ठेवून बोललेले बोलणे मनावरच घ्यावयाचे असते, आणि बाईस शंभर पौंड देवविले. बाई पुढे 1942 पर्यंत, वयाच्या शहाण्णव वर्षांपर्यंत जगल्या. कंपनीने नव्याने जाहिरात दिली. बक्षीस दोनशे पौंडांवर नेले आणि अटींचा टाईप बारीक केला. न्यायालयाच्या निकालापासून व्यापारी जो धडा घेतात तो नेहमी टाईपाच्या आकारासंबंधी असतो.

पुढे 1897 आणि 98 मध्ये प्लेग मुंबई-पुण्याकडून आमच्या जिल्ह्यात उतरला. त्या काळच्या धारवाड-हुबळीत हेच कार्बॉलिक घरादारांवर शिंपडले जात होते आणि हाफकिन यांची लस हजारो लोक टोचून घेत होते. लोक सुईस भ्याले नाहीत असे नव्हे. पण सुई धरणारा डॉक्टर समोर उभा होता. त्यास विचारता येत होते, शिव्याही देता येत होत्या. शिशीचे तसे नसते. तिचा कर्ता नॉटिंगहॅमला नाही तर न्यूयॉर्कला.

अमृतधारा आणि ‘लक्ष्मणधारा’ यांचा खटला 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. नावे सारखी की वेगळी, हा प्रश्न. पंडित म्हणतील, अमृत वेगळे आणि लक्ष्मण वेगळा. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे, की दुकानात उभा राहणारा माणूस समास सोडवीत बसत नाही. सामान्य बुद्धीचा, घाईतला आणि अर्धवट आठवणीचा जो गिऱ्हाईक, त्याच्या कानाने नाव ऐकावयाचे. लक्ष्मणधारेस नोंद मिळाली ती उत्तर प्रदेशापुरतीच. हा निकाल आम्हांस फार प्रिय आहे. कायद्याच्या पुस्तकांत ‘सुज्ञ मनुष्य’ पदोपदी भेटतो. पोट दुखत असताना औषध मागणारा मनुष्य भेटतो तो क्वचितच.

आता आजोबांच्या कागदाची हकीकत सांगावयाची. ती आम्हांस आजीकडून कळली.

आमची पणजी, म्हणजे आजोबांच्या मातुःश्री, फार कडक सोवळ्याची बाई. तरुणपणी वैधव्य आले. आलवण नेसून, एकभुक्त राहून तिने मुलगा शिकवला, आणि तो हुबळीच्या रेल्वे कारखान्यात हिशेबनीस झाल्यावर त्याच्या घरी येऊन राहिली. नळाचे पाणी तिला चालत नसे. बाजारचा पदार्थ तिने कधी जिभेस लावला नाही. परंतु औषधास सोवळेओवळे नाही अशी शास्त्राची सवलत असल्याने विलायती शिशीस देवघराशेजारच्या कोनाड्यात जागा मिळाली होती. 1930 नंतर कधी तरी तिला पोटशूळ आणि हगवण यांनी हैराण केले, तेव्हा एका दुकानच्या कंपाउंडरने क्लोरोडाइनची शिशी दिली.

क्लोरोडाइन हे मूळ हिंदुस्थानातील लष्करात डॉक्टर असलेल्या कॉलिस ब्राउन यांनी पटकीवर योजलेले औषध. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म ही त्यातील मुख्य द्रव्ये. त्याचा इतका बोलबाला झाला की दुसऱ्यांनीही त्याच नावाने शिशा काढल्या. खरा निर्माता कोण यावर लंडनला 1864 मध्ये खटला झाला, आणि न्यायमूर्ती पेज वुड यांनी ब्राउन यांच्या बाजूने काढलेले उद्गार पुढे कित्येक वर्षे जाहिरातींत छापले जात होते. न्यायाधीशाचा असा उपयोग आम्हांस तरी पूर्वी ठाऊक नव्हता. पणजीची शिशी या पुष्कळ क्लोरोडाइनांपैकी कोणत्या कारखान्याची होती, ते सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

शिशीने गुण दिला. हगवण थांबली, शूळ थांबला, झोप लागू लागली. दुखणे गेले तरी शिशी राहिली. दिवेलागणीस देवापुढे निरांजन लावावयाचे, स्तोत्र म्हणावयाचे, आणि साखरेच्या पाण्यात दहा थेंब घ्यावयाचे, असा नेम झाला. दहाचे पंधरा झाले, पंधराचे वीस. एक सरली की मुलगा दुसरी आणून देई. नऊ-दहा वर्षे हे चालले. म्हातारपणी आईला एवढे सुख देता येते, यात आजोबांस समाधान होते.

मग महायुद्ध आले. विलायती माल मिळेनासा झाला. एका महिन्यात शिशी मिळाली नाही. तिसऱ्या दिवसापासून पणजीस जांभयांवर जांभया येऊ लागल्या, डोळ्यांनाकांतून पाणी वाहू लागले, पायांत गोळे येऊ लागले, रात्रभर ती अंथरुणावर तळमळे आणि ज्या तोंडाने कधी अपशब्द काढला नव्हता त्या तोंडाने सुनेस बोले. कोणी म्हणाले वात झाला. कोणी म्हणाले बाहेरची बाधा. अंगारा झाला, उतारा झाला. सातव्या दिवशी हुबळीचे एक वृद्ध डॉक्टर टांग्यातून आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, आणि रोग्याऐवजी रिकामी शिशी मागितली. खिशातून भिंग काढून तिच्यावरचा कागद उजेडाकडे धरून वाचला. मग बाहेर ओसरीवर येऊन आजोबांस म्हणाले, “बाईंना बाधा कसलीच नाही. बाईंना ही शिशी हवी आहे.”

1930 च्या घातक द्रव्यांच्या कायद्याने अफूच्या अर्कांवर बंधने घातली होती. शिशीत काय आहे ते कागदावर मॉर्फीन या शब्दासकट छापलेले होते. इंग्रजीत, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. घरात इंग्रजी येणारे तिघे होते. आजोबा तर रोज दहा तास इंग्रजी आकडे आणि इंग्रजी शेरे लिहीत.

डॉक्टरांनी कोठून तरी अर्धी शिशी पैदा केली आणि दर चार दिवसांनी एक थेंब कमी करीत अडीच महिन्यांत ते औषध सोडवले. पणजीस प्रथम काही सांगितले नव्हते. परंतु ती खुळी नव्हती. थेंब मोजण्याचे काम मुलाने स्वतःकडे का घेतले, हे तिने विचारले, आणि खोटे बोलणे आजोबांस जमत नसे. अफू हा शब्द ऐकून ती रागावली नाही, रडलीही नाही. पोथी वाचणारी बाई होती. मोडीही तिला येत होती. बऱ्याच वेळाने तिने एवढेच विचारले, “तुला वाचता येत होते ना रे?”

त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येक शिशीवर आजोबांनी दुसरा कागद चिकटवावयास आरंभ केला. आत काय आहे, कशासाठी, कोणास द्यावयाचे, किती, आणि कोणास मुळीच द्यावयाचे नाही. खाली तारीख. स्वयंपाकास येणाऱ्या बाई कन्नड वाचणाऱ्या होत्या, म्हणून काही शिशांवर कन्नडातही. ग्राइप वॉटरवर लिहिले आहे: “शेपू, सोडा, साखर, थोडी दारू. रडते म्हणून देऊ नये. दुखते असे वाटल्यास द्यावे.” कॉडलिव्हर तेलावर: “माशाचे आहे. ज्यांस चालत नसेल त्यांस सांगून द्यावे.” हे वाचून आम्हांस मौज वाटते, कारण शेजारची शाकाहारी कुटुंबे ते तेल मुलांस बिनतक्रार पाजीत, आणि आमच्या आजोळची मासे खाणारी मंडळी त्याच्या वासाने पळत. इनोच्या बाटलीवर फक्त: “सोडा आणि आंबट. फेस पाहून भुलू नये.” आणि एका बिननावाच्या डब्यावर, ज्यात आता काहीच उरलेले नाही: “यात काय आहे ते कंपनी सांगत नाही. घेऊ नये.” या एका वाक्यात जे आहे, ते कायद्याच्या भाषेत उतरविण्यास विधिमंडळास पुष्कळ कागद लागला. 1930 मध्ये कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, 1940 मध्ये औषधांचा कायदा झाला, शिशीत काय आहे ते सांगण्याचे बंधन हळूहळू कारखानदारावर आले, आणि 1954 मध्ये चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला.

तरीही कागदावरचे खरे असेलच असे नाही. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी दगावले. डोळ्यांचा आणि मेंदूचा दाब कमी करण्यासाठी त्यांस ग्लिसरीन देण्यात आले होते. पिंपावर ग्लिसरीन असे लिहिले होते, आत डाय-इथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरावयाचे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्यावर जो अहवाल दिला तो प्रत्येक वकिलाने वाचावा असा आहे. औषध विकणाऱ्यापासून ते विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत आणि तेथून मंत्र्यांपर्यंत कोणी कोणता कागद वाचला नाही, याची ती जंत्री आहे. तेच विष 2022 मध्ये गांबियात मुलांच्या खोकल्याच्या औषधातून गेले आणि सुमारे सत्तर मुले गेली. ती औषधे आपल्या देशातून गेलेली होती. अशा वेळी आजोबांचा दुसरा कागद काय कामाचा? ज्या शिशीचा पहिलाच कागद खोटा, तिच्यावर घरच्या माणसाने काय लिहावे? या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नाही. तेथे प्रयोगशाळा हवी आणि तिच्या मागे तुरुंग हवा.

पण जेथे पहिला कागद खरा असतो, तेथेही तो अद्याप मुख्यतः इंग्रजीतच असतो, आणि टाईप पूर्वीपेक्षा बारीक. आमच्याकडे कामासाठी येणाऱ्या वृद्ध बाया कधी कधी फाइलीबरोबर गोळ्यांच्या पट्ट्याही टेबलावर ठेवतात आणि ‘साहेब, हे एवढे वाचून सांगा’ म्हणतात. आम्ही वाचून सांगतो. फी घेत नाही. कोणती पट्टी सकाळची आणि कोणती रात्रीची, हे पाकिटावर मराठीत किंवा कन्नडात लिहून देतो. आमच्या कनिष्ठ वकिलास हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्याची आई अद्याप तरुण आहे.

गेल्या श्रावणात आमच्या पुतणीस मुलगी झाली. मुलांच्या डॉक्टरांनी पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काहीही द्यावयाचे नाही, असे निक्षून सांगितले. गुटी नाही, मध नाही, हर्क्युलिसही नाही. आमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांस ते रुचले नाही, पण मानले. आम्हांसही डॉक्टरांचेच खरे वाटते. मात्र बाळंतिणीच्या सुपारीस बाळंतशेपा हवा होता, म्हणून हुबळीस दुर्गद बैलाकडील एका काष्ठौषधीच्या दुकानी आम्ही गेलो. दुकानदार वृद्ध, समोर पोत्यांच्या रांगा, कशावरही चिठ्ठी नाही. यादी वाचून त्याने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, कोणासाठी? मूल किती दिवसांचे? यादीच्या शेवटी कोणी तरी, बहुधा जुन्या सवयीने, वेखंडही लिहिले होते. ते त्याने पेन्सिलीने खोडले. शेपा, ओवा आणि तीळ वर्तमानपत्राच्या कागदात बांधले, दोरा गुंडाळला, आणि पुडी आमच्या हाती देण्यापूर्वी तीवर कन्नडात लिहिले: “बाणंतिगे. कूसिगे अल्ल.” बाळंतिणीस, तान्ह्यास नव्हे.